जेट सरळ का निघाला

चुंबकीय क्षेत्राचा आकडा कॉम्प्युटरला देणाऱ्या कार्डावर माझ्याकडून चुकून शून्य पंच झालं होतं. तरीही जेट सरळच निघाला. कॉम्प्युटर सेंटरमध्ये प्रिंटआउट हातात धरून मी उभी होते. तेच आकडे पुन्हा पुन्हा वाचत होते.

"मॅडम, काहून घाबरून राहिल्या? आकडे तर कालच्यासारखेच आले," ऑपरेटर वानखेडे म्हणाले.

"तेच तर!"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरात कॉलेजात शिकवता शिकवता मी पीएचडी करत होते. तारा जन्मत असताना त्याच्याभोवती वायूची चकती फिरत असते. त्यातला काही वायू दोन्ही ध्रुवांच्या दिशेने प्रचंड वेगाने बाहेर फेकला जातो. तो जेट. एवढं अंतर जाऊनही तो पसरत का नाही? आमचं म्हणणं होतं, चुंबकीय क्षेत्र दोरीसारखं गुंडाळलं जाऊन त्याला आवळून धरतं. मग दोरी काढल्यावरही तो बारीकच कसा?

माझे गाइड देशकर सर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने हाच निकाल घेऊन बंगलोरच्या कॉन्फरन्सला निघणार होते.

प्रोग्रॅम पुन्हा वाचला. गणितासाठी आखलेल्या चौकोनांच्या जाळीला, म्हणजे ग्रिडला, कडेने मीच भिंत ठेवली होती. वायू तिला आपटून आत परतत होता. पाइपातलं पाणी सरळच जाणार! मी कड खूप लांब नेली. प्रोग्रॅमचे दोन रन लावले, एक क्षेत्राशिवाय, एक क्षेत्रासह.

"आजच पाहिजे, वानखेडे."

"लाइन टिकली तर चारपर्यंत देतो. गेली तर मले नका बोलू."

मे महिना. दिवे दोनदा मिणमिणले. दोन्ही वेळा वानखेडे मशीनवर हात ठेवून उभे राहिले, जसं काही त्याने वीज जाणार नव्हती. सव्वाचारला कागद आले. क्षेत्राशिवाय जेट पार पसरला होता. क्षेत्रासह थोडा आवळला होता, पण आम्ही लिहिलं होतं त्याच्या जवळपासही नाही.

मी पोचले तेव्हा सर बॅग भरत होते.

"सर, आपला निकाल चुकला. चूक माझी आहे."

त्यांनी कागद शेवटपर्यंत पाहिले. "कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला, वानखेडेंना. आता तुम्हाला."

स्लाइड्सच्या गठ्ठ्यातून त्यांनी या निकालाच्या चार काढून बाजूला ठेवल्या.

"तिथे काय सांगाल, सर?"

"भिंत कुठे होती, ते."

त्यांनी तेच सांगितलं. माझी पीएचडी दीड वर्ष लांबली.

निकाल मनाविरुद्ध आला असता, तर आम्ही तो दहा वेळा तपासला असता. मनासारखा आला होता, म्हणून एकदाही तपासला नव्हता.