गुरुजी आणि काळा ढग

आमच्या गुरुजींसमोर ‘काळा ढग’ म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की खांद्यावरचा पंचा खाली आलाच. खिडकीत धरून आधी एक पदर दाखवायचे, उजेड आरपार. मग घडीवर घडी घालत जायचे आणि पंचा अंधारत जायचा. “पंचा तोच ना रे? ढगाचंही तसंच. आत पाणी साठलं, थर जाड झाला, की उजेड खाली पोचत नाही. वर जाऊन बघशील तर पांढराशुभ्र.” निवृत्त झाल्यावर हाच धडा ते सावर्ड्याच्या बाजारात भाजीवालीलाही द्यायचे. कंटाळा त्यांच्या गावीही नव्हता.

आमची वाडी बाजारापासून बरीच आत. पुरुष बहुतेक मुंबईला, शेती बायकांच्या अंगावर. कापलेलं भात शेतातच वाळत टाकतात. आभाळ भरलं की ते तसंच ठेवायचं की भारे बांधून घरी आणायचं, हे गुरुजींनी सांगायचं असा रिवाजच पडला होता. मोबाईलवर सगळं दिसतं हो, पण त्यांना विचारल्याशिवाय कुणाला चैन पडत नसे. गुरुजींनाही ते आवडायचं. माणूसच होते.

एका वर्षी शेजारच्या पार्वतीवहिनींचं सगळं भात कापून पडलं होतं. दुपारी पश्चिमेला ढग चढला. गुरुजींनी बघितलं, म्हणाले, “राहू द्या. सूर्य मागे गेलाय म्हणून असा दिसतो. कड बघा केवढी उजळ आहे. पातळ ढग आहे.” संध्याकाळी जो कोसळला, तो दोन दिवस थांबला नाही. वहिनींच्या भाताला शेतातच कोंब फुटले. वर्षाचं खाणं गेलं.

वहिनी एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि तेच गुरुजींना सोसलं नाही. सत्तरी उलटलेला माणूस, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरला आणि पेंढ्या उलट्यापालट्या करत राहिला. स्वतःच्या कणगीतलं भात त्यांनी वहिनींच्या पडवीत नेऊन ठेवलं. पण त्यानंतर आभाळाबद्दल बोलणंच सोडलं. पंचा नुसता घाम पुसायला उरला. आम्हाला ते बघवत नसे.

पुढच्या कापणीला वहिनी पुन्हा त्यांच्या अंगणात उभ्या. मला विचारू नका, म्हणून गुरुजी आत वळले.

“मग कुणाला विचारू?” म्हणत त्या पायरीवरच बसल्या. बऱ्याच वेळाने गुरुजी बाहेर आले, वर बघितलं.

“उचला. मीही येतो.”

त्या दिवशी थेंब पडला नाही. पुढेही दरवर्षी ते ‘उचला’च म्हणायचे, आणि वाडी मुकाट्याने उचलायची.

यंदाच्या कापणीत भरदुपारी गुरुजी गेले. वहिनी विळा बांधावर टाकून धावत आल्या आणि त्यांच्या उशाशी बसून राहिल्या. बाहेर आभाळ गच्च भरून आलं. माझ्या बायकोनं हळूच सांगितलं, वहिनी, भात शेतात पडलंय, जाऊन उचला, आम्ही आहोत इथे.

“भिजू दे,” वहिनी म्हणाल्या.