कोपऱ्यातली बाई

गल्लीतली पोरं तिला 'कोपऱ्यातली बाई' म्हणत. टीव्हीच्या पडद्यावर, खालच्या कोपऱ्यात, पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत ती उभी असायची आणि मंत्री बोलतील ते कर्णबधिरांना हातांनी सांगायची. ही भाषा ती कुठल्या वर्गात शिकली नव्हती. थोरला भाऊ जन्मापासून बहिरा. तोंडाला बोल फुटायच्या आधीच तिचे हात त्याच्याशी भांडायला शिकले होते.

तोच दादा वर्षभर तिच्याशी बोलत नव्हता. तिनं हात उचलले की तो डोळे मिटायचा. संपलं.

कारण होतं गेल्या वर्षीचा केंद्रीय अर्थसंकल्प. "विशेष शाळांच्या अनुदानाचं सुसूत्रीकरण करण्यात येईल," असं मंत्री म्हणाले होते. 'सुसूत्रीकरण' या शब्दाची खूण अर्थखात्यानंच ठरवून दिली होती: नीटनेटकं करणे. तिनं ती मुकाट्यानं केली. दादा कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिवणकाम शिकवायचा. त्याला वाटलं, आता गळकं छत नीट होणार; आनंदानं त्यानं सगळ्यांना चहा पाजला. प्रत्यक्षात अनुदानच कापलं गेलं आणि पावसाळ्याआधीच शाळेला कुलूप लागलं.

"वन्सं, टीव्हीवर तुमचे हात दिसले की हे उठून आत जातात," वहिनी सांगायची. "मी खुणेनं म्हटलं, अहो, ती काय सरकार आहे? तर म्हणाले, सरकारचे हात तर तीच!"

यंदा भाषणाआधी खात्याचे साहेब स्टुडिओत डोकावले. "मॅडम, कर्जाचा भाग आला की चेहरा जरा हसरा ठेवा. लोक घाबरायला नकोत."

"साहेब, आमच्या भाषेत चेहरा म्हणजे निम्मं वाक्य. हसत हसत कर्ज सांगितलं तर लग्नाचं आमंत्रण वाटेल."

"मग वाटू दे की!" साहेब खिदळले.

भाषण सुरू झालं. देशावरचं कर्ज आणखी वाढलं होतं. जुन्याचं व्याज भरायला नवं कर्ज काढायचं होतं. कारखानदारांची करसवलत मात्र कायम. मग मंत्री 'वित्तीय शिस्ती'वर आले आणि तिचं डोकं तडकलं. मजा एकाची, शिस्त दुसऱ्याला! आणि तीही ज्यांचा आरडाओरडा कुणाच्या कानावर जाणार नाही त्यांनाच.

"मोफत श्रवणयंत्रांच्या तरतुदीचं सुसूत्रीकरण..."

तिनं दोन बोटांची कात्री केली आणि कानाजवळ कचकन चालवली. दात आवळलेले. 'पैसा व्याजात गेला,' हात म्हणाले. 'तुमची यंत्रं बंद. शाळेसारखीच.'

काचेपलीकडून साहेबांनी अंगठा वर केला. त्यांना ओ की ठो कळलं नव्हतं. इतकी वर्षं ती त्यांच्या लेखी पडद्याची झालर होती तर! तिला त्याचाच जास्त संताप आला.

बघणाऱ्यांना मात्र कळलं. संध्याकाळी खात्याच्या दारात कर्णबधिरांची गर्दी झाली, तेव्हा साहेबांचा फोन आला.

"काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"मंत्री म्हणाले तेच."

"उद्यापासून येऊ नका."

ती तडक दादाकडे गेली. कात्रीची बातमी तिथे आधीच पोचली होती. त्यानं शिलाई मशीन थांबवलं. तिनं हात उचलले: 'नोकरी गेली.' त्यानं डोळे मिटले नाहीत.

'गेल्या वर्षी कुठे होती ही कात्री?' त्यानं दोन बोटं तिच्यासमोर धरली. 'शाळा उघडी होती तेव्हा का नाही दाखवलीस?'

"अहो, त्यांची नोकरी गेली!" वहिनी खुणा करत मध्ये पडली. त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

'आणि तू?' बहिणीचे हात उसळले. 'वर्षभर डोळे मिटून बसलास! एकदा तरी विचारलंस मला?'

'विचारतोय ना आता! सांग!'

वहिनीनं दिवा लावला, दोघांना एकमेकांचे हात नीट दिसावेत म्हणून.