बाकावरची पाठ

आमचे साडभाऊ एकदा बसले की त्यांना उठवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्या-मुंबईकडे साडू म्हणतात, पण त्या आखूड शब्दात आमचे साडभाऊ मावत नाहीत. उंच, हाडापेराने मोठे, खांदे जरा पुढे झुकलेले आणि पाठ अशी रुंद की उन्हाळ्यात तिच्यावर कुरड्या वाळत घालाव्यात. सक्करदऱ्याला तळ्याजवळ त्यांचं घर आहे. तुम्ही-आम्ही दिवसातून कितीदा कोणाला तरी "बसा" म्हणतो आणि विसरून जातो. साडभाऊ तो शब्द करार समजतात. ज्या कामासाठी बसवलं ते काम होईस्तोवर ते बसतात, आणि या बसण्यात ना राग असतो ना हट्ट.

माझं लग्न कुहीजवळच्या एका गावात झालं, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत. सासऱ्यांनी थोरल्या जावयाचा मान म्हणून यांना खुर्ची दिली आणि म्हणाले, "जावईबापू, तुमी बसा, तुमचं ताट वेगळं आणतो." त्यानंतर सासरे लग्नाच्या गडबडीत जे हरवले ते हरवलेच. पंगती उठल्या, वरात निघाली, मांडव उतरला. मांडववाल्याची एक खुर्ची कमी भरली म्हणून त्याचा माणूस शोधत आला, तर मोकळ्या शेतात एका खुर्चीवर साडभाऊ, मांडीवर टोपी ठेवून. तो म्हणाला, "भाऊ, सारे जेवले. नवरदेव-नवरी गेले." साडभाऊ म्हणाले, "जाऊ दे ना गा. मले ताट आणून राहिले." शेवटी सासूबाईंना कळलं, त्यांनी धावत भात आणि वरण आणलं, आणि मांडववाल्याच्या बैलगाडीवाल्यासकट सगळे यांचं जेवण संपायची वाट बघत उभे राहिले.

विजेचं बिल एकदा भलतंच आलं. ऑफिसातला बाबू म्हणाला, "साहेब दौऱ्यावर आहेत, बसा." दौरा आठवडाभराचा होता. साडभाऊ रोज ऑफिस उघडताना डबा घेऊन जात आणि बंद होताना परत येत. दोन दिवसांत लोक त्यांनाच विचारू लागले की अर्ज कुठे द्यायचा. नव्या शिपायाने त्यांना सलाम ठोकायला सुरुवात केली. साहेब आले तेव्हा त्यांनी उभ्याउभ्या बिल दुरुस्त केलं आणि यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. नंतर बाबूला म्हणाले म्हणे, "हे पुन्हा आले तर आधी मले फोन करजा." नरखेडहून येताना एसटी बंद पडली, कंडक्टरने सगळ्यांना मागच्या गाडीत बसवलं, हे उतरले नाहीत. तिकीट या गाडीचं काढलं होतं. टोचन करून आणलेल्या त्या गाडीतून एकटे खिडकीशी बसून ते आगारात शिरले तेव्हा मेकॅनिकला वाटलं, कोणी मोठा अधिकारी तपासणीला आला.

त्यांचा धंदा पंप दुरुस्तीचा. नरखेड तालुक्यात संत्र्याच्या आणि मोसंबीच्या बागांतून त्यांनी उभी हयात काढली. इतर मिस्तरी मोटर जोडून पैसे घेऊन मोटारसायकलला किक मारत. हे विहिरीच्या काठावर बसत. पाणी पाटाने शेवटच्या झाडाच्या आळ्यापर्यंत पोचलेलं दिसलं की मगच उठत. बागवाले म्हणत, "तुमच्यापायी आमालेही घरी जाता येत नाई, मिस्तरी."

या सगळ्याला आम्ही घरचे लोक आयुष्यभर हसत आलो. सर्वांत जास्त मी हसलो. लग्नकार्यात यांचे किस्से रंगवून सांगणारा मीच. का, ते आता लिहितो. माझं वय झालं आहे, त्यांचं माझ्याहून जास्त.

आमच्या भागात एक मास्तर होते. प्राथमिक शाळेतली नोकरी सोडून त्यांनी सारी उमर विहिरी, रस्ते, हॉटेलं सगळ्यांसाठी खुली करण्यात घातली. कधी आवाज चढवला नाही. सत्तरच्या दशकातसुद्धा आमच्या लोकांसाठी खेड्यांतल्या चहाच्या हॉटेलांत वेगळ्या कपबश्या असत, बाहेर भिंतीच्या फटीत ठेवलेल्या. आपणच उचलायची, उंचावरून चहा ओतून घ्यायचा, बाहेर उकिडवं बसून प्यायचा, आपणच धुऊन परत ठेवायची. नरखेडकडच्या एका गावी मास्तरांनी ठरवलं की आत जायचं, बाकावर बसायचं आणि सगळे पितात त्या कपात चहा मागायचा. सोबत आम्ही दोघे, साडभाऊ आणि मी. तालुक्याचा एक फोटोवालाही आणला होता. मी तेव्हा पोस्टात नवा लागलेला, खिशात पेन, अंगात जोश. आम्ही आत गेलो, बसलो, मास्तरांनी तीन चहा सांगितले. हॉटेलवाल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. थोड्या वेळाने रस्त्यावर माणसं जमू लागली. मग काठ्या दिसल्या. मग कोणी तरी माझ्या नावाने शिवी घातली. त्यानंतर मला जे आठवतं ते एका संत्र्याच्या बागेतलं. मी झाडाखाली पालथा पडलेला, तोंडात माती, पेन कुठे तरी गळालेलं. तिथून मी थेट रस्ता गाठला आणि मिळेल त्या ट्रकने नागपूरला आलो.

मास्तरांनी मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. साडभाऊंनीही नाही. मास्तर गेल्यावर दरवर्षी त्यांच्या जयंतीला मला भाषणाला बोलावू लागले, कारण मला बोलता येतं. त्या दिवसाची गोष्ट मी हॉटेलच्या दारापर्यंत रंगवून सांगत असे, आणि आत शिरल्याबरोबर घोषणा देत असे. लोक घोषणा देण्यात गुंतत. पुढचं विचारायचं राहून जाई.

मागच्या वर्षी एक मुलगी मास्तरांवर माहितीपट काढायला म्हणून घरी आली. फार मेहनती, गावोगाव हिंडलेली, माझी भाषणं ऐकलेली. तिला त्या दिवसाचा फोटो सापडला होता. फोटोवाल्याने हॉटेलच्या मागच्या, भट्टीकडच्या दारातून घेतलेला. बाकावर दोन पाठी, एक मास्तरांची बारकी आणि एक दुसरी, आणि समोर दारात काठ्यांची गर्दी. ती म्हणाली, "काका, यात तुम्ही हेच ना?" माझी सून चहा घेऊन उभी होती. नात माझ्या खुर्चीच्या हातावर बसलेली. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही इतक्या लोकांसमोर बसून राहिले?" मी त्या रुंद पाठीवर बोट ठेवलं.

माहितीपट सक्करदऱ्याच्या एका सभागृहात दाखवला. उभं राहायला जागा नव्हती. मास्तरांचं बालपण, त्यांनी खुली केलेली पहिली विहीर, म्हातारपणी सायकलवरून जाणारे मास्तर. लोक रडत होते. मग तो फोटो आला, सगळा पडदा भरून, आणि जड आवाजातलं निवेदन, की सूर्य मावळेपर्यंत ही दोन माणसं तिथून हलली नाहीत. खाली माझं नाव. टाळ्यांनी सभागृह हादरलं. माझी बायको माझ्या कानाशी आली आणि हळू म्हणाली, "ही तुमची पाठ नोहय."

मी म्हटलं, "गप्प राय."

"इतकी वर्षं तेल लावून राहिली मी. मले ओळखू येत नाई का? ही भाऊजींची होय."

भाऊजी म्हणजे साडभाऊच, ते पुढच्या रांगेत होते. तेही टाळ्या वाजवत होते, इतरांच्या थांबल्यावरही. बाहेर पडल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "साडभाऊ, तुमची पाठ मस्त आली गा पिक्चरमंदी." त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा आहे का ते मी दिव्याच्या उजेडात पुष्कळ शोधलं. सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं.

काही दिवस काढले. नातीने तो फोटो आपल्या टेबलावर लावला, तेव्हा मात्र मला तिच्या खोलीत जाता येईना. मी त्या मुलीला फोन केला आणि सगळं सांगितलं, बागेतल्या मातीसकट. ती म्हणाली, "काका, तुमचं नाव काढावं लागेल. घरी सांगितलंत?" मी म्हटलं, "सांगतो." आधी नातीलाच सांगितलं. ती रागावली नाही. फोटो तिने टेबलावरच ठेवला, आणि म्हणाली, "मग मोठ्या आजोबांना विचारू या ना, काय झालं होतं."

म्हणून आम्ही सगळे साडभाऊंच्या अंगणात जमलो. कॅमेरा लागला. मी कॅमेऱ्याच्या मागे नातीशेजारी बसलो. त्या मुलीने विचारलं, "काका, तुम्ही पळाला का नाहीत?"

"चाय सांगतली होती ना. सोडून कसा जाऊ?"

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना वं. पाय लटलट कापून राहिले होते. उठतो म्हटलं तरी उठता आलं नसतं." मग म्हणाले, "मास्तरचेही कापून राहिले होते. मांडीले मांडी लागून होती, मले समजत होतं. पण त्यायनं मान नाई वळवली. मंग म्या बी नाई वळवली."

मी इतकी भाषणं केली, पण मास्तरांचे पाय कापले होते हे मला माहीत नव्हतं. ते ऐकून मास्तर मला होते त्याहून मोठे दिसू लागले, आणि त्यांच्याशेजारचा हा माणूसही.

"आणि लोकांनी मारलं नाही?"

"हॉटेलवाला आडवा झाला. आमच्यासाठी नाई, काचेच्या बरण्यासाठी. म्हणे, ज्याले मारायचं त्यायले बाहेर निघू द्या, माह्या बरण्या फुटतीन. आमी बाहेर निघून नाई राहिलो, ते आत येऊन नाई राहिले. मंग कटाळून त्यानंच चाय आणली. म्हणे, प्या अन् जा माह्या बापहो. चांगल्या कपात आणली. तीन."

"तीन?"

"तीनच सांगतल्या होत्या." साडभाऊंनी कॅमेरा सोडून माझ्याकडे पाहिलं. "तुमची होती ना एक. मास्तरची झाली, माही झाली. म्या म्हटलं, मास्तर, चला आता. मास्तर म्हणे, थांब, तो पोरगा येईन. त्यायनं तुमच्या कपावर बशी झाकली. म्हणून तर दिवस बुडाला, नाई तर केव्हाच निघालो असतो. ते लोकंही उभे राहून राहून घरी गेले."

त्या मुलीने कॅमेरा तसाच चालू ठेवला. माहितीपटात ज्याला धैर्य म्हटलं आहे आणि ज्यासाठी सभागृह उभं राहिलं, ते काठ्यांसमोरचं बसणं माझी वाट पाहण्यात गेलं होतं. मी तेव्हा ट्रकच्या मागे बसून नागपूरला पोचलो होतो.

"मग त्या चहाचं काय केलं?" माझ्या नातीने विचारलं.

"थंडी झाली. मास्तरनं पेली."

ते सगळं आता माहितीपटात आहे, माझ्या नावासकट, जिथे असायला हवं तिथे. लोक साडभाऊंकडे येतात, ते त्यांना बसा म्हणतात. मी मात्र अलीकडे मास्तरांचं घर आठवतो. त्यानंतर मी तिथे शेकडो वेळा गेलो असेन. मास्तर माझ्यापुढे चहा ठेवत, आणि मी पहिला घोट घेईपर्यंत आपल्या कपाला हात लावत नसत. मला वाटायचं, त्यांना गरम चहा सोसत नसेल.