कावेरीला मी मारलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तशी मी फटकळ बाई आहे. आष्टीत आमचं किराणा दुकान आहे आणि गिऱ्हाइकाला चार शब्द सुनवायला मी मागेपुढे पाहत नाही. मग हीच एक गोष्ट का दडवली? सांगते.

मामाजी, म्हणजे माझे सासरे. म्हातारपणी निवांत वाचू म्हणून त्यांनी एक कादंबरी घेऊन ठेवली होती, उशीएवढी जाड. म्हातारपण आलं, पण नजर गेली. मीच छातीठोकपणे म्हटलं — मी वाचून दाखवीन!

कादंबरीतली कावेरी नवऱ्यानं टाकलेली. माळावर एकटीनं संत्र्याची कलमं लावते. मामाजींचा स्वतःचा बगीचा पाण्याअभावी वाळून गेलेला. त्यामुळे रोज जेवणं झाली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला — "कावेरीच्या झाडायले बहार आला काय वं?"

सुरुवातीला मलाही गोडी होती. आवाज बदलून वाचायचे मी, आणि झकास वाचायचे. पण अर्ध्यावर आले आणि उत्साहच आटला. पानंच्या पानं नुसती भाऊबंदकी, कोर्टकचेरी, आणि झाडं आपली तेवढीच! आधी ओळी गाळल्या. मग पानं. आणि एका दुपारी पुस्तक उघडं धरून — कावेरीला ताप आणला. तिथल्या तिथे मारली. मरण मात्र असं रंगवलं की लेखकानं तोंडात बोट घालावं. संपली गोष्ट, म्हटलं.

मामाजी म्हणाले, "अशी कशी मेली? सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं असतं तं वाचली असती ना."

मला हसू आलं. हो, हसले मी. त्यांना दिसत कुठं होतं?

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. दुसरं पुस्तक आणू का, विचारलं, तर म्हणाले, "नोको. आता पुन्हा कोनाले जीव लावू?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी खोटं बोलले, मामाजी, जिवंत आहे ती — एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग रोज दुपारी ते धूड पुन्हा उघडावं लागलं असतं. मला लाज आडवी आली नाही. कंटाळा आडवा आला.

ते गेल्यावर मी ती कादंबरी शेवटपर्यंत वाचली. मी सोडली त्याच्या चारदोन पानं पुढे कोर्टाचा निकाल लागतो, आणि लगेच कावेरीच्या झाडांना बहार येतो. नुसत्या फुलांच्या वासावर एक अख्खं पान आहे.

कावेरी मेल्यावर मामाजी आणखी दोन उन्हाळे होते. बहाराचं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.