शेवटच्या माणसाचं काम

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक कोपरा सायकलींचा आहे. भंगारात जायच्या सायकली आम्ही मिळून दुरुस्त करतो आणि ज्याला हवी त्याने ती न्यावी. मोबदला एवढाच, की महिन्यातून एक रविवार हात काळे करायचे. दर रविवारी दुरुस्तीआधी सकाळी सगळे मिळून फेरीला निघतो. फेरीचा नियम एकच: सगळ्यात हळू चालवणारा सगळ्यात पुढे, बाकीच्यांनी त्याच्या वेगाने जायचं.

नियम काकांचा. काका भांडुपचे, मूळ कोकणातले. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून निवृत्त झालेले. चाकाच्या तारांवर पान्ह्याने टिचकी मारून नुसत्या आवाजावरून चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी सायकल शिकले ती त्यांच्याकडेच. सहा महिने पुढची जागा माझी होती आणि एवढे लोक माझ्यामागून मुकाट्याने रांगत यायचे. कोणी कधी घंटीसुद्धा वाजवली नाही.

उतू नये, मातू नये म्हणतात. मी दोन्ही केलं. गिअरची सायकल आली, भारीतलं हेल्मेट आलं, आणि मला वेगाची चटक लागली. तोवर काकांचे गुडघे गेले होते, त्यामुळे पुढची जागा आता त्यांची होती.

एका रविवारी सांताक्रूझहून पाहुणे आले. त्यांना त्यांच्याकडे असंच काही सुरू करायचं होतं. महागड्या सायकली, चकाचक कपडे. त्यांच्यासमोर मला काकांची लाज वाटली. हे लिहिताना हात अडखळतो, पण दुसरा शब्द नाही. ती काळी जुनी सायकल, पायजम्याच्या पायाला लावलेला कपडे वाळत घालायचा चिमटा, आणि तो मुंगीचा वेग. निघताना मी त्यांना बाजूला घेतलं.

"काका, आज तुम्ही शेवटी राहा ना. पाहुण्यांना रस्ता माहीत नाही. कोणी मागे राहिलं तर बघायला अनुभवी माणूस हवा."

थाप होती ती. काकांचा चेहरा मात्र खुलला. "शेवटचो माणूस पुढे गेल्याशिवाय मी हलाचंय नाय," ते म्हणाले.

मग मी सुसाट सुटले. नाहूरचा पूल, पलीकडे खाडीच्या बाजूचा रस्ता, आणि येताना दुसऱ्या वाटेने परत. पाहुणे "झकास" म्हणाले आणि मी फुलले. सगळ्यांनी मिसळ खाल्ली, फोटो काढले. मध्येच ग्रुपवर पाहुण्यांतल्या एका मुलीचा मेसेज आला. दम लागला म्हणून पुलाआधीच थांबून ती घरची गाडी बोलावून परत गेली होती. मी त्यावर अंगठा टाकला. काका ग्रुपवर नाहीत, त्यांचा फोन बटणांचा आणि तोही घरीच असतो, हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर काका आमच्यात नाहीत हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं.

साडेअकराला त्यांच्या सुनेचा फोन आला. "ताई, बाबा अजून आले नाहीत. तुमच्याबरोबर आहेत ना?"

मी तशीच उठले. रिक्षा केली. काका पुलाच्या पलीकडच्या टोकाला रणरणत्या उन्हात उभे होते. दहा पावलांवर झाडाची सावली होती, पण तिथून पुलावरून येणारं माणूस दिसलं नसतं, म्हणून ते सावलीत गेले नव्हते.

"एक चेडू येवचा रवला हा गो," मला बघून ते म्हणाले. "'तुम्ही व्हा पुढे, मी आलेच' म्हणाला. वाट चुकात म्हणान हयच थांबलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडातून निघालं काय? "पोचली ती मुलगी, काका. दुसऱ्या रस्त्याने आली."

"मग बरा झाला," म्हणत त्यांनी खाली वाकून पायजम्याचा चिमटा सारखा केला.

आठवडाभर मी ठरवत होते, सगळं सांगून टाकायचं. पुढच्या रविवारी ते आले तेव्हा त्यांच्या गळ्यात वॉचमनकीच्या काळातली शिटी होती. मी म्हटलं, "काका, आज तुम्ही पुढे. नियम तुमचाच आहे."

"नको बाय," ते म्हणाले. "पुढे कोण पण जातलो. मागे माणूस व्हयो."

मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि "बरं काका" एवढंच म्हणाले. स्वतःचा नियम त्यांनी माझ्या थापेवर विश्वास ठेवून मोडला, तो तसाच मोडलेला आहे. आता दर रविवारी मी पुढे असते. वळणावर थांबते, आणि मग कितीतरी मागून शिटी ऐकू येते. सगळे आले, कोणी राहिलं नाही, असा तिचा अर्थ.