लाल मशीनचा दांडा

सौदीत बर्फ पडतो असं मी फोनवर गावाला सांगितलं की पलीकडे हसू फुटतं. माझी आई तर म्हणाली होती, "बाय, तिथली वाळूच पांढरी असंल. डोळे तपासून घे." मी डोळे काही तपासले नाहीत, फोटो पाठवला. तरी पटलं तिला नाहीच.

तबूकला राहून आम्हाला आता बरीच वर्षं झाली. शहरात बर्फ क्वचित येतो, पण पश्चिमेच्या डोंगरांवर बहुतेक हिवाळ्यांत एकदा तरी पडतो. तेवढ्यासाठी रियाध-जेद्दाहून माणसं गाड्या भरभरून येतात, बर्फात उभं राहून चहा पितात, पोरांना लोळवतात आणि परत जातात. तिथे वर आमच्या कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा इकामा, इथे राहायचा परवाना, आहे त्या मालकाची, भाड्याने द्यायची बंगलेवजा घरं आहेत. त्यांच्या बागेतलं गवत कापायला त्याने छोटे ट्रॅक्टर घेऊन ठेवलेत. बर्फ पडला की त्यांनाच पुढे लोखंडी पातं लावून घरांपर्यंतचा रस्ता मोकळा करायचा. ही सगळी मशीनं सांभाळायचं काम माझ्या नवऱ्याचं. मूळचे हे रायगडच्या किनाऱ्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे मिस्त्री. समुद्रावरचा माणूस बर्फ उपसायला आला, नशीब कुणाला कुठे नेईल सांगता येत नाही.

ऊन नरमलं की मशीनं आमच्या घराच्या हौशात, म्हणजे भिंतीच्या आतल्या अंगणात, येऊन उभी राहतात. आधी खालचा गवत कापायचा डेक काढायचा, मग पुढे पातं बसवायचं. उन्हाळ्याचं जाड तेल काढून थंडीचं पातळ भरायचं. जुनं पेट्रोल ओतून टाकायचं, बॅटरी चार्ज करायची, चाकांना साखळ्या घालायच्या आणि मागे लोखंडी वजनं बांधायची, नाहीतर पुढच्या पात्याच्या ओझ्याने मशीन जागच्या जागी घसरत राहतं. पात्याला मेणबत्ती घासायचं काम माझं. मेण लावलं की बर्फ चिकटत नाही. मी पाने-पक्कड हातात देते, चहा देते, आणि न विचारलेले सल्लेही देते. एवढ्या वर्षांत नटबोल्ट मलाही कळायला लागलेत.

आम्ही घरात तिघं, मी, हे आणि लेक. पण मशीनं अंगणात आली की घरात चौथं कुणीतरी आलंय असं मला वाटायचं. कारण त्या मशीनांतलं एक लाल होतं.

माझा धाकटा दीर आमच्याकडे कामाला आला तो एकावर एक दोन स्वेटर घालून. विमानतळावरच म्हणाला, "भाबी, देश कसला, फ्रीजचा कप्पा हाय हा." दिवसभर माझी चेष्टा करायचा, माझ्या चपातीचा नकाशा ओळखायचा, आणि लेकीला खांद्यावर घेऊन अंगणभर नाचायचा. ती तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती. त्याचा एक जगावेगळा विश्वास होता, की खोबरेल लावलं की सगळं ठीक होतं. केसांना खोबरेल, फुटलेल्या ओठांना खोबरेल, दाराच्या बिजागरीला, कुलपाला, सायकलच्या चेनला खोबरेल. गावाकडे ते चालतंही. पहिल्या हिवाळ्यात त्याने तेच लाल मशीनच्या दांड्याला घातलं.

हा दांडा म्हणजे सीटच्या उजव्या हाताशी असलेला लांब लोखंडी दांडा. मागे ओढला की पातं वर उचललं जातं, पुढे ढकलला की खाली बसतं. डोंगरावरच्या थंडीत खोबरेल गोठलं आणि दांडा जागचा हलेना. हे हसत हसत त्याला ओरडले, "अरे, कोकण नाय हा. हितं तुझा खोबरेल दगड होतो." मग रॉकेलने सगळं पुसून काढलं. कित्येक दिवस आम्ही त्याला खोबरेल मिस्त्री म्हणत होतो.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी कफीलचा फोन आला, "यल्ला मुअल्लिम, थल्ज!" म्हणजे चला मिस्त्री, बर्फ! हे तापाने फणफणले होते. दीर म्हणाला, "दादा, तू निज. मी जातंय." गेला. दुपारी तिथल्या राखणदाराला लाल मशीन रस्त्याच्या मध्ये उभं दिसलं. पेट्रोल संपून इंजिन बंद पडलेलं. तो सीटवरच बसलेला, उजवा हात दांड्यावर, केसांवर आणि खांद्यावर बर्फ साचलेला. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. ते तिशीतलं हृदय होतं. हे तापातच वर पोचले. दांड्यावरची त्याची बोटं त्यांनी एकेक करून सोडवली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, नंतर कधीच नाही.

सासूबाईंनी फोनवर सांगितलं, मय्यत तिथेच दफन करा, माती सगळीकडे अल्लाचीच. तसंच केलं. इथे कबरीवर नाव लिहीत नाहीत. मातीचा उंचवटा आणि डोक्याशी एक दगड, बस. राजा असो की राबणारा, सगळ्यांना तेवढंच. हा रिवाज किती चांगला आहे हे मी स्वतः चार बायकांना ऐकवलंय. पण ज्याचं माणूस त्या मातीत असतं त्याला चांगलं-वाईट काही सुचत नाही. आमच्या गावीही बायका कब्रस्तानात जात नाहीत, पण रस्त्याने जाताना कुंपणावरून नजर तरी टाकता येते. इथे उंच भिंत आहे. हे जायचे. पुढे रांगा वाढल्या, पावसाने उंचवटे बसले. एका शुक्रवारी परत आले आणि चपला न काढताच दारात उभे राहिले. म्हणाले, "आज दोन कबरींसमोर दुआ केला. कंची त्याची, कळला नाय."

त्यानंतरच्या हिवाळ्यात लाल मशीनचा दांडा घट्ट झाला.

बाकीच्या मशीनांचे दांडे लोण्यासारखे चालायचे. हाच तेवढा थंडीत अडायचा. हे म्हणाले, "वरून कोणतरी धरल्यासारखा वाटतो." मला काय वाटलं ते कसं सांगू? मी शिकलेली बाई आहे, भूतखेत मानत नाही, पण मगरिबची, सूर्यास्ताची, अजान झाली की मी अंगणात पाय ठेवेनाशी झाले. घरभर लोबान फिरवला. एकदा धूळ बसू नये म्हणून लाल मशीनवर चादर टाकली, आणि खिडकीतून पाहिलं तर चादर पांघरून माणूस बसल्यासारखं दिसलं. धावत जाऊन ती ओढून काढली. लेक आता शाळेत जाते, मराठीत विचारलेल्याचं उत्तर हिंदीत देते. तिने एकदा जेवताना विचारलं, "अब्बा, लाल मशीन में चाचू है क्या?" मी तिला दटावणार, तोच हे अगदी शांतपणे म्हणाले, "हाय." 

गेल्या हिवाळ्यात उतारावर पातं उचलायच्या वेळी दांडा अडला. पातं बर्फात रुतलं, मशीन आडवं फिरलं आणि दरीच्या बाजूला घसरत गेलं. कठड्याची भिंत होती म्हणून थांबलं. हे घरी आले तेव्हा बरगड्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. मी रडत, ओरडत हळद गरम करत होते, आणि हे हसत होते. मन भरल्यासारखं हसत होते. म्हणाले, "त्यानं धरलान होता मना. सोडलान नाय." त्या हसण्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी दरीची वाटली नाही. आता हा माणूस एक दिवस वरून परत येणार नाही, हे मला तिथेच चुलीपाशी कळलं.

"तो दांडा उघडून साफ करा," मी तेव्हापासून म्हणत होते. "बघतो," हे म्हणायचे. उन्हाळा गेला, मशीनं अंगणात आली, इतर दोन तयार झाली, लाल मशीनला पातं बसलं, साखळ्या चढल्या. दांडा तसाच. मग एका शुक्रवारी हे जुम्म्याच्या नमाजाला गेल्यावर मी पाना घेतला, बिस्मिल्ला म्हटलं आणि दांड्याच्या बुडाची पिन स्वतःच काढली. वाटलं होतं आत गंज असेल, वाळू असेल. भूत असेल असंही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आत पांढरी मऊ चरबी होती. बोटावर घेतली तर उबेने लगेच वितळली. वास घेतला. खोबरेल. दिराने घातलेलं तर आम्ही तेव्हाच रॉकेलने पुसून काढलं होतं, आणि हे ताजं होतं, लेकीच्या वेणीला सकाळी लावलं तेच.

आधी मला हसू आलं. इतकी वर्षं लोबान कुणासाठी जाळला मी? मग असा संताप आला की पाना भिंतीवर फेकून मारला. ज्या तेलाने दांडा गोठतो हे या माणसाने स्वतः भावाला शिकवलं, तेच तेल हा दर हिवाळ्यापूर्वी आपल्या हाताने आत भरत होता, आणि त्याच मशीनवर बसून उतारावर जात होता.

हे नमाजाहून आले. उघडा दांडा पाहिला, माझा हात पाहिला, आणि अंगणातच खाली बसले.

"किती दिवस?" मी विचारलं.

"कबर सापडंना तवापासून."

"मरायचा हाय काय तुमाला?"

"नाय गं." त्यांनी जमिनीवरची पिन उचलली. "दांडा अडला की वाटतं, त्याचा हात हाय तिथं. तेवढाच. बाकी माझ्याजवळ त्याचा काय हाय? एक दगड पण नाय."

मला गहिवरून आलं, पण मी तिथे विरघळले असते तर त्या दिवशीही पिन तशीच परत बसली असती. मी त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "तुमी भाऊ. तुमाला निदान त्या भिंतीच्या आत जाता येतं, चुकीच्या कबरीपुढं तरी उभं ऱ्हाता येतं. तुमी गेलात तर मी खय उभी ऱ्हाऊ? आनि ही पोर कंच्या दांड्याला हात लावून बसंल? सांगा मना."

ते उठले. रॉकेलचा डबा आणला, माझ्या हातातलं फडकं घेतलं. दांडा ज्यात फिरतो तो बूश पुसला, पिन पुसली, बारीक खाचा काडीने उकरल्या. एवढं हळू काम त्यांनी कधी केलं नव्हतं. मय्यतीला गुस्ल देताना, शेवटची आंघोळ घालताना, हात चालतात तसे चालत होते. मी पाणी आणलं तर नको म्हणाले. थंडीचं पातळ तेल सोडलं, पिन बसवली, मशीनवर चढले आणि दांडा ओढला.

दोन बोटांनी आला. पातं सरकन वर गेलं. त्यांनी पुढे ढकलला, खाली आलं. परत ओढला. परत ढकलला.  ते दांडा मागेपुढे करत राहिले आणि प्रत्येक वेळी थोडं थांबून वाट पाहत राहिले.

लेक आवाजाने बाहेर आली. बापाचा चेहरा पाहून बिचकली. "क्या हुआ अब्बा?"

त्यांनी हात दांड्यावरून काढून घेतला. या सगळ्या वर्षांत तो गेला, तो अल्लाकडे आहे, तो मशीनमध्ये आहे, सगळं म्हणून झालं होतं. एकच शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. तो आता आला, आणि कालची बातमी सांगावी तसा आला.

"बाय," ते लेकीला म्हणाले, "तुझा चाचू मेला."