दहा-अकराचा पाना

काशिनाथ अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा, खोटं कशाला बोलू, आधी मला हायसं वाटलं. आता कुणाला काही सांगावं लागणार नाही... आणि लगेच स्वतःचीच किळस आली. महिना उलटला, ती अजून गेलेली नाही.

अण्णा मूळचे नामपूरचे, नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात. निवृत्तीनंतर त्यांनी पाथर्डी फाट्याजवळच्या एका रिकाम्या प्लॉटवर दर रविवारी गाड्या फुकट दुरुस्त करायला सुरुवात केली. ज्याला गॅरेज परवडत नाही त्याने यायचं. सुटा भाग ज्याचा त्याने आणायचा, हात आमचे. आम्ही पाच-सहा जण त्यांच्या हाताखाली असायचो. मी विमा कचेरीतला कारकून, पण नट-बोल्टाची हौस भारी. कारखान्यातली एक शिस्त अण्णांनी इथे आणली होती. कंपाउंडच्या भिंतीवर लाकडी फळी, तिच्यावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, आणि प्रत्येक पान्यावर त्यांनी कोरलेली बारीक फुली. काम संपलं की पाने आपापल्या आकृतीवर टांगायचे, अण्णा फळीवरून नजर फिरवणार, मगच गाडी सुटणार. "विमानात पाना राहिला तर माणसं मरतात," ते म्हणायचे. "इथं पण तोच नियम. पाना जागेवर नाय, तर गाडी हलणार नाय." आम्ही हसायचो. विमान कुठे आणि आमची ही खटारं कुठे!

त्या रविवारी मेहुणीचा साखरपुडा होता. बायकोचे फोनवर फोन. आडगावच्या मंगलताई भाजी विकायच्या, त्यांच्या जुन्या व्हॅनचं काम माझ्याकडे होतं. काम झालं, पण दहा-अकराचा पाना काही केल्या सापडेना. शोधत बसलो असतो तर तास गेला असता. मी काय केलं, स्कूटरच्या डिकीतला माझा तसलाच पाना काढला आणि फळीवर लटकवला. अण्णांनी नजर फिरवली, "जाऊ द्या ताई," म्हणाले. व्हॅन गेली. मीही गेलो, पेढे खाल्ले.

पुढच्या रविवारी मंगलताई रिक्षाने आल्या. हातात अण्णांचा पाना. इंजिनात राहिलेला तो पंख्यात पडला होता. पट्टा तुटला, गाडी महामार्गावर मधोमध बंद पडली, मागून ट्रक... "थोडक्यात वाचले हो अण्णा." अण्णांनी पाना घेतला, फळीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. मी खाली वाकून एक नट उचलला.

"चूक माझी," अण्णा म्हणाले. "फळी मी पाहिली होती."

ते ताईंपुढे हात जोडत होते आणि मी, धडधाकट बाप्या, शेजारी उभा राहून नट पुसत होतो. त्यानंतर त्यांनी फळी बघणं सोडलं. "नजर राहिली नाय आता," म्हणून खुर्चीवर बसून राहायचे. दोन वर्षं! दर रविवारी ठरवायचो, आज सांगूनच टाकतो. चहा प्यायचो आणि घरी यायचो.

दिवसकार्य आटोपल्यावर अण्णांच्या घरी काकूंना, त्यांच्या बायकोला, भेटायला गेलो. त्यांनी कापडात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं. माझा पाना. बिनफुलीचा. म्हणजे त्यांची नजर शाबूत होती.

"हे म्हणायचे, त्याचा हाय, मागायला आला की दे. आपण होऊन देऊ नको," काकू म्हणाल्या. "लय वाट पाहिली त्यांनी. आता मीच देते."

परवाच्या रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं, मंगलताईंनाही. आज इथे लिहितो : पाना मी विसरलो होतो, अण्णा नाही. फळी आता मी बघतो. प्रत्येक पाना उलटा करून फुली पाहतो, मगच गाडी सोडतो. माझा पाना मात्र काकूंकडेच ठेवून आलो. मागायची वेळ होती तेव्हा मी मागितला नाही.